पंडिता रमाबाई: खोलीचं दार उघडं ठेवलं म्हणून ज्यांच्यावर वादळ आलं

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला भारतात आज एकट्याला खोलीत कोंडून ठेवता येत नाही. साखळीनं बांधण्यावर तर पूर्ण बंदी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे.

तरीही एखाद्या आश्रमात, वसतिगृहात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात कुणी आरडाओरडा केला, जेवणाचं ताट भिरकावलं किंवा पळून जायचा प्रयत्न केला, तर पहिला उपाय काय सुचतो? दार लावून घ्या. हात धरा. बांधा.

या सवयीला पर्याय म्हणून जगभरात एक पद्धत पुढे आली आहे. तिला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर, समोरच्या माणसानं आधी काय सोसलंय याची जाण ठेवून त्याला सांभाळणं. ज्याला लहानपणी कोंडलं गेलं, ज्याच्यावर जबरदस्ती झाली, त्याला पुन्हा कोंडलं किंवा चार जणांनी धरलं, तर त्याच्यासाठी तो जुनाच प्रसंग पुन्हा घडतो. मग तो आणखी घाबरतो, आणखी हात उगारतो आणि त्याला आणखी घट्ट बांधलं जातं.

हा शब्द एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला. पण त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी महाराष्ट्रातल्या एका बाईसमोर हाच प्रश्न शेकडो मुलींच्या रूपानं उभा राहिला होता. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन-चार ओळी असतात: संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, मुक्ती सदन, धर्मांतर. आघात सोसलेल्या माणसाला सांभाळायचं कसं, या प्रश्नाच्या बाजूनं मात्र त्यांचं आयुष्य क्वचितच सांगितलं जातं.

वाळूत खड्डा करून काढलेल्या रात्री

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या जंगलात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातली स्त्री संस्कृत वाचते हे त्यांना कळलं आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं त्यांनी ठरवलं. त्या काळी हे पाप समजलं जायचं. विरोध झाला, तेव्हा ते जंगलात आश्रम करून राहिले. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी.

पुढे आश्रम मोडला आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरू लागलं. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याकडे पैसाही नव्हता आणि अंगमेहनतीची सवयही नव्हती. रानातला पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. १८७४ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं आधी वडील गेले, मग आई. त्यानंतर थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास.

ही दोन भावंडं हजारो मैल पायी फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हतं. तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली होती.

१८७८ मध्ये दोघं कोलकात्याला पोचली. विशीतली ही मुलगी हजारो श्लोक पाठ म्हणते हे बघून तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. नाव झालं, पण माणसं जाणं थांबलं नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला.

म्हणजे चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा होत्या, पदरात दहा महिन्यांची मुलगी होती आणि माहेरचं कुणीही जिवंत नव्हतं. पुढे त्यांच्या संस्थेत ज्या मुली आल्या, त्यांची भूक आणि त्यांचं एकटेपण रमाबाईंनी स्वतः भोगलेलं होतं.

इंग्लंडमध्ये काय बघितलं?

१८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करायची मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यानं ते स्वप्न सोडावं लागलं.

वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय होती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात, सोबतच्या मैत्रिणीचा असा शेवट. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

या काळातल्या दोन गोष्टी आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट लंडनच्या फुलहॅम भागातली. तिथे मठाच्या भगिनी समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी आश्रयगृह चालवत होत्या. ज्यांच्याकडे आपल्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही, अशा बायकांशी त्या मायेनं वागत होत्या. ते बघून आपला दृष्टिकोन बदलला, असं रमाबाईंनी पुढे आत्मकथनात सांगितलं. ज्या बाईवर आपत्ती ओढवली तिलाच शिक्षा करायची, हे त्यांनी आतापर्यंत सगळीकडे बघितलेलं होतं. इथे त्याच बाईला घर मिळत होतं.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात असं ठरत होतं. चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. भारतात परतल्यावर लोक काय म्हणतील, हे त्यांचं कारण. रमाबाई भडकल्या. आपण काय करायचं हे आपण ठरवू, असं त्यांनी पत्रांतून ठामपणे कळवलं. ज्या भगिनी त्यांना मुलीसारखं मानत होत्या, त्यांच्याशीच हा वाद झाला.

म्हणजे सांभाळणारा माणूस प्रेमळ असला तरी तो नकळत ताबा घेऊ शकतो, याचा अनुभव त्यांना स्वतःच्या बाबतीत आला होता.

शारदा सदन: मुलींच्या हातात काय ठेवलं?

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचं. फिलाडेल्फियात फ्रोबेलची बालवाडी पद्धत त्या शिकल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्याच्या जोरावर मदत उभी केली. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवलं.

तिथे येणाऱ्या मुली कोण होत्या? बहुतेक बालविधवा. त्या काळच्या ब्राह्मण घरात विधवा म्हणजे केशवपन, अंगावर आलवण, एकवेळचं जेवण आणि घराचा कोपरा. शुभकार्यात समोर यायचं नाही, मोकळं हसायचं नाही. अनेकींना तर नवऱ्याचा चेहराही आठवत नव्हता. शिक्षा मात्र जन्मभराची.

अशा मुलींना सुरक्षित ठेवायचं म्हणून आणखी एका बंद घरात ठेवणं सोपं होतं. रमाबाईंनी तसं केलं नाही. सदनात बागेत फिरायला, खेळायला, शिकायला मोकळीक होती. ज्यांना जातीचे नियम आणि सोवळं पाळायचं होतं, त्यांना ते पाळता येत होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती असूनही सदनात ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. गोदूबाई ही सुरुवातीच्या मुलींपैकी एक. १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. याच त्या बाया कर्वे.

आता त्या दाराची गोष्ट.

रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीसोबत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. ज्या मुलीला यायचं ती येऊन बसायची, कुणाला बोलावलं जात नव्हतं आणि कुणाला हाकललंही जात नव्हतं. काही मुली येऊन बसू लागल्या. ही बातमी बाहेर गेली आणि पुण्यात काहूर उठलं. टिळकांच्या केसरीनं धर्मांतराचा आरोप करत झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळावर होते. त्यांचं म्हणणं होतं की रमाबाईंनी दार बंद करून प्रार्थना करावी. रमाबाई तयार झाल्या नाहीत. आपल्या घरात मुलींना आईकडे येण्यापासून आपण अडवणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

या वादात कोण बरोबर, यावर आजही दोन मतं आहेत. त्याकडे आपण पुढे परत येऊ. इथे एवढंच लक्षात ठेवू की प्रमुखाची खोली मुलींसाठी उघडी असणं ही त्या काळच्या कुठल्याही संस्थेसाठी नवलाची बाब होती.

तेव्हाचं सरकार काय करत होतं?

रमाबाईंचं वेगळेपण कळायचं तर आजूबाजूचे कायदे बघायला हवेत.

त्या जन्मल्या त्याच वर्षी, १८५८ मध्ये, ब्रिटिश सरकारनं भारतात वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. रुग्णाला दाखल कसं करायचं आणि ताब्यात कसं ठेवायचं, याची ती चौकट होती. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसाठीचा कायदा आला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत होते. हा कायदा पुस्तकातून निघायला २०१६ उजाडलं.

आजारी, गरीब किंवा वेगळा दिसणारा माणूस म्हणजे आधी बंदोबस्त, मग उपचार, असा हा सगळा क्रम होता. इंग्लंडमध्ये मात्र याला धक्का बसून बरीच वर्षं झाली होती. यॉर्कमध्ये १७९६ पासून ‘रिट्रीट’ नावाचं रुग्णालय मायेच्या वागणुकीवर चालत होतं. लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जॉन कॉनोली या डॉक्टरनं १८३९ पासून रुग्णांना बांधायची साधनं वापरणं बंद केलं होतं. वसाहतीतल्या माणसाच्या वाट्याला मात्र आधी कुलूपच येत होतं.

१८९७: दुष्काळ आणि प्लेग एकदमच

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले दिवस आठवले आणि त्या तिकडे गेल्या. सरकारी मदत छावण्यांत त्यांनी जे बघितलं, त्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय. अन्नाच्या बदल्यात मुलींचं शोषण होत होतं. जी जागा आधार म्हणून उभी केली होती, तिथेच नवीन इजा होत होती.

शेकडो मुली आणि बायका घेऊन त्या पुण्याला आल्या. पण शहरात प्लेग होता. अधिकाऱ्यांनी इतक्या मुलींना शहरात ठेवायला मनाई केली. रमाबाईंनी पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर केडगावला आधीच शेतजमीन घेतली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. दुष्काळातल्या सुमारे ३०० मुली त्यांच्याकडे राहिल्या.

प्लेगच्या बंदोबस्ताची कहाणी आपल्याला माहीत आहे. रँडच्या कारकिर्दीत गोरे सैनिक घरांत शिरायचे आणि संशयितांना उचलून रुग्णालयात किंवा विलगीकरण छावणीत न्यायचे. त्यावर टिळकांनी आणि गोखल्यांनी आवाज उठवला हेही आपण वाचलेलं असतं. रमाबाईंनीही आवाज उठवला होता, ही गोष्ट मात्र मागे पडली. मे १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्रात पत्र लिहिलं. प्लेगच्या रुग्णालयात आणि छावण्यांत बायकांच्या सुरक्षिततेची काहीच काळजी घेतली जात नाही, असा त्यांचा आरोप होता. त्यांच्या संस्थेतल्या एका मुलीला तिथे नेल्यानंतर तिच्यावर जे ओढवलं, त्याचा दाखला त्यांनी दिला. सरकारनं आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

इथे त्यांनी धरलेला मुद्दा आजही तितकाच लागू आहे. साथ पसरू नये म्हणून माणसाला वेगळं ठेवावं लागेलही. पण ज्याला वेगळं ठेवलं, त्याच्यावर आत काय होतंय हे बघायची जबाबदारी कुणाची? बंद दाराआड जे घडतं त्याला साक्षीदार नसतो. कोंडण्याचा सगळ्यात मोठा धोका हाच.

मुक्ती सदन कसं चालायचं?

केडगावच्या संस्थेला नाव मिळालं ‘मुक्ती’. सप्टेंबर १८९८ मध्ये इमारतीचं अर्पण झालं. १९०० मध्ये गुजरात आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या आणि संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

जरा कल्पना करा. दीड हजार मुली. भाषा वेगळ्या, जाती वेगळ्या. बऱ्याच जणींनी आईबाप डोळ्यांदेखत गमावलेले. काहींवर अत्याचार झालेले. उपासमार सोसलेलं मूल कसं वागतं, हे आज बालकांसोबत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ते अन्न लपवतं, दुसऱ्याच्या ताटातलं ओढतं, मोठ्या माणसावर विश्वास ठेवत नाही, रात्री दचकून उठतं. अशा वेळी शिस्तीच्या नावाखाली छडी आणि कोठडी वापरणं हा त्या काळातल्या अनाथालयांचा सर्रास मार्ग होता.

रमाबाईंच्या व्यवस्थेत चार गोष्टी वेगळ्या दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे सांभाळणारी माणसं. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या विधवांकडे दुष्काळातल्या मुलींचे गट सोपवले गेले. या बायका स्वतः दुःखातून बाहेर आलेल्या होत्या. आज याला ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. ज्यानं स्वतः सोसलंय असा माणूस सोबत असणं हा आघाताची जाण ठेवणाऱ्या सेवेचा मोठा आधार मानला जातो.

दुसरी गोष्ट काम आणि कौशल्य. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, स्वयंपाक, छापखाना. मुली अक्षरं जुळवायला आणि यंत्र चालवायला शिकल्या. दुष्काळात ज्याच्या हातात काहीच राहिलेलं नसतं, त्याला आपल्या हातून काहीतरी घडतंय हे दिसणं मोठं औषध असतं.

तिसरी गोष्ट वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी घरं. अंध मुलींसाठी बर्तीमी सदन होतं आणि तिथे ब्रेल शिकवली जायची. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. त्यात फुलहॅममध्ये बघितलेल्या घराचा ठसा दिसतो. वृद्ध आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन होतं. सगळ्यांना एकाच बराकीत कोंबलं की भांडणं वाढतात आणि भांडणं वाढली की बंदोबस्त वाढतो. घरं वेगळी केली की भांडणाचं कारणच कमी होतं.

चौथी गोष्ट स्वतः रमाबाई. त्या तिथेच राहायच्या, साध्या पांढऱ्या साडीत, मुलींच्या सोबत. संस्थेचं वळण वरून ठरतं, हे आजचे अभ्यासकही सांगतात.

मग सगळं आलबेल होतं का?

नाही. आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

शारदा सदनात धर्माच्या बाबतीत जी मोकळीक होती, ती मुक्तीत राहिली नाही. दुष्काळातून आलेल्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाल्या. १९०५ मध्ये तिथे धार्मिक जागृतीची लाट आली आणि तासन्‌तास सामूहिक प्रार्थना चालायच्या. जी मुलगी भुकेनं मरता मरता वाचली, जिला जायला दुसरं घर नाही, तिनं वाचवणाऱ्याचा धर्म स्वीकारला, तर ती निवड किती मोकळी म्हणायची?

शारदा सदनाचं उघडं दारही याच कसोटीवर तपासावं लागतं. रमाबाईंसाठी ते स्वातंत्र्य होतं. मुलींना पाठवणाऱ्या पालकांना तो शब्द मोडल्यासारखा वाटला. ज्याच्या हातात अन्न आणि छप्पर आहे, त्याचं उघडं दारही खेचून घेतं. आजच्या संस्थांनाही हे लागू आहे, मग ती कुठल्याही धर्माची, पक्षाची किंवा विचाराची असो. उपचार, निवारा आणि श्रद्धा यांची गाठ मारली की आतल्या माणसाला नाही म्हणणं कठीण होतं. कायदा म्हणूनच रुग्णाची संमती मोकळी आणि माहितीवर आधारलेली असावी असं सांगतो.

शेवटची वर्षं

मनोरमा आईचा उजवा हात बनली होती. निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला तिच्या पुढाकारानं शाळा सुरू झाली. तेव्हा आपलं शहर आणि शहागंजची पेठही त्याच राज्यात होती. १९१९ मध्ये सरकारनं रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. त्या वेळी रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावला त्यांनी प्राण सोडला. त्या भाषांतराची छपाईही मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून झाली. केडगावची संस्था आजही सुरू आहे. १९८९ मध्ये भारताच्या टपाल खात्यानं रमाबाईंवर तिकीट काढलं.

आज कायदा काय सांगतो?

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एर्वाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका खासगी निवाऱ्याला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. या घटनेनं देश हादरला आणि रुग्णांच्या हक्कांची चर्चा पुढे सरकली.

२०१७ च्या कायद्यातल्या तरतुदी थोडक्यात अशा:

- एकट्याला कोंडून ठेवायला मनाई. साखळी कोणत्याही स्वरूपात नको.
- शारीरिक बंधन वापरायचं तर फक्त तेव्हाच, जेव्हा रुग्णाला किंवा इतरांना तातडीचा धोका आहे आणि तो टाळायचा दुसरा मार्ग नाही.
- त्यासाठी उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी हवी. गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नको.
- शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बंधन वापरता येत नाही. कर्मचारी कमी आहेत हे कारणही चालत नाही.
- कारण, पद्धत आणि वेळ नोंदवून ठेवावी लागते. रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावं लागतं.

दारू आणि इतर व्यसनांशी जोडलेले मानसिक विकारही याच कायद्यात येतात. बालगृहांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे आणि त्यात मुलांना शारीरिक शिक्षा करणं हा गुन्हा आहे.

बांधायचं नाही, तर करायचं काय?

हा प्रश्न परिचारिका, वॉर्डबॉय आणि आश्रमातले काळजीवाहक नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. हिंसक झालेल्या माणसासमोर उभं राहायचं असतं ते त्यांना.

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्याच्या मनोरुग्णालयांनी १९९७ च्या सुमारास कोंडणं आणि बांधणं कमी करायची मोहीम घेतली आणि त्यात मोठी घट करून दाखवली. अशा अनुभवांतून पुढे सहा सूत्रं तयार झाली: प्रमुखानं स्वतः जबाबदारी घ्यायची, प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवायची, कर्मचाऱ्यांना शिकवायचं, आधीपासून तयारी करायची, बऱ्या झालेल्या रुग्णांना कामात घ्यायचं आणि प्रसंग घडून गेल्यावर सगळ्यांनी बसून काय झालं ते तपासायचं.

यातली आधीची तयारी म्हणजे काय? माणूस शांत असतानाच त्याला विचारून ठेवायचं. तुला कशानं राग येतो, कशानं शांत वाटतं? कुणाला अंधाराची भीती असते. कुणाला मागून हात लावला तर सहन होत नाही. कुणाला थोडं चाललं की बरं वाटतं. हे फाइलमध्ये लिहिलेलं असेल, तर रात्रपाळीच्या माणसाला दोरी शोधावी लागत नाही. तो आवाज खाली आणतो, गर्दी हटवतो, पाणी देतो, थोडं अंतर ठेवून बोलत राहतो.

तुमच्या घरातल्या माणसाला कुठे ठेवायची वेळ आली तर?

शहागंजमधल्या कुटुंबाला घाटी रुग्णालय जवळ आहे. पण जास्त दिवस ठेवायची वेळ आली तर अडचण होते. राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यातलं कुटुंब मग खासगी केंद्राकडे वळतं, अनेकदा घाईत आणि थकून. दाखल करण्याआधी हे प्रश्न नक्की विचारा:

- केंद्राची मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा.
- रुग्ण आक्रमक झाला तर तुम्ही नेमकं काय करता?
- बांधावं लागलं तर नोंद कुठे ठेवता? आम्हाला कधी कळवता?
- आम्ही कधी भेटू शकतो? फोनवर बोलता येईल का?
- रात्री ड्युटीवर किती माणसं असतात? त्यांना प्रशिक्षण दिलंय का?

उत्तर देताना समोरचा माणूस चिडला किंवा भेटीच बंद ठेवाव्या लागतील म्हणाला, तर दुसरं केंद्र बघा. रुग्णाच्या हक्कांचा भंग झाला तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. मनाच्या त्रासासाठी सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

रमाबाईंच्या काळात असा कायदा नव्हता आणि हेल्पलाइनही नव्हती. त्यांच्याकडे होती ती स्वतःच्या भुकेची आठवण. समोरची मुलगी का ओरडतेय, का अन्न लपवतेय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्यातल्या बहुतेकांना ते शिकावं लागेल. आणि ते शिकवणं प्रत्येक संस्थेचं काम आहे, कुलूप विकत घेण्याच्या आधीचं.